आक्काच्या सायकलीची दुरुस्ती

माझ्या थोरल्या बहिणीच्या सायकलीचा मागचा ब्रेक घासत होता, तो मी नीट केला. ही माझी चूक.

तशा माझ्या दुरुस्त्या आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहेत. न्हाणीघरातल्या नळाची गळती मी थांबवली तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांचं पाणीच बंद झालं होतं. मिक्सर उघडून बसवल्यावर चार स्क्रू शिल्लक उरले, ते बायकोनं एका वाटीत घालून देवघरात ठेवले. म्हणाली, "आता देवच बघून घेईल." पण त्या सगळ्या फसलेल्या दुरुस्त्या होत्या. आक्काच्या ब्रेकची दुरुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत जमली, आणि जमली म्हणूनच घोटाळा झाला. असला घोटाळा करायला माणूस जरा शिकलेला लागतो. मी बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय. घर्षणाचे फायदे, घर्षणाचे तोटे, प्रत्येकी चार गुण.

झालं असं. गेल्या वर्षी आमच्या येळ्ळूर गावानं ठरवलं, की लग्न होऊन बाहेर गेलेल्या सगळ्या लेकींना एक दिवस माहेरी बोलवायचं. एकेका घरच्या लेकी घरोघरी येतच असतात, पण इथं सगळ्या गावानं मिळून सगळ्या गावच्या लेकींना बोलवायचं होतं. गल्लीवार याद्या झाल्या. कोण खानापुरात, कोण चंदगडात, कोण गोव्यात, कोण पार पुण्यात. वेशीत मोठा फलक लागला. ओटी, पुरणाचं जेवण, भाषणं आणि भाषणं ऐकून कंटाळू नयेत म्हणून खेळ: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि स्लो सायकल.

स्लो सायकल ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही जगातली एकच शर्यत असेल जिच्यात शेवटचा येतो तो पहिला. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या पट्ट्यातून सायकल न्यायची. पाय टेकला की बाद, पट्ट्याबाहेर गेलं की बाद, आणि उरलेल्यांत जो सगळ्यात उशिरा पलीकडं पोचेल तो जिंकला.

यादी बघून मी आक्काला फोन लावला. आक्का निपाणीच्या पलीकडं, कोगनोळीजवळच्या एका खेड्यात दिली आहे. तिच्या शेतात एका बांधावर कर्नाटकाचं नेटवर्क लागतं आणि दुसऱ्या बांधावर महाराष्ट्राचं, त्यामुळं तिच्याशी बोलताना मध्येच राज्य बदलतं आणि आवाज जातो. मी मेळाव्याचं आणि खेळांचं सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "माझं नाव स्लो सायकलीत घाल."

मी हसलो.

"हसाय काय झालं रं?"

"आक्का, तुझं वय त्रेसष्ट. तिथं तीस-पस्तीसच्या पोरी असणार."

"मग? मी लेक न्हवं का गावची? वयाची अट घातलिया काय?"

"अट न्हाय. पण पडलीस-बिडलीस तर?"

आक्का क्षणभर गप्प राहिली. मला वाटलं राज्य बदललं. मग आवाज आला, "तुला सायकल चालवाय कुणी शिकवली रं?"

मी नाव घातलं.

शिकवली तिनंच होती. माझ्या कॅरिअरला धरून तळ्याच्या रस्त्यानं पळत. पण त्या शिकवण्याच्या मागची गोष्ट आमच्या घरात कधी बोलली जात नाही. गावात तेव्हा सातवीपर्यंतच शाळा. आक्का पुढं शिकायला बेळगावात जायची, सायकलीवरनं. गावातून सायकलीवर हायस्कूलला जाणारी ती एकटीच मुलगी. मी सातवी पास झालो आणि घरात एक सायकल, दोन शाळा, दोन दिशेला, असा प्रश्न पडला. आमच्या आप्पांनी तो एका वाक्यात सोडवला: "पोरीला चार बुकं आली, बास झालं." आक्का नववी पास होती. तिनं सायकल मला दिली, चालवायला शिकवली आणि आईच्या बरोबर शेतात जायला लागली. पुढं मी मास्तर झालो. त्या काळ्या सायकलीवर बसून मी जो पुढं गेलो, ते पुढं जाणं तिचं होतं. हे मला कळायला पेन्शन लागावी लागली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का आमच्या टिळकवाडीच्या घरी उतरली. गावाकडचा भाजीचा टेम्पो बेळगावच्या मार्केटला येत होता, त्यात कोबीच्या पोत्यांवर तिनं सायकल आडवी घालून आणली होती. निळ्या रंगाची, लेडीज, जरा म्हातारी. रोज पहाटे दुधाची किटली अडकवून तीच सायकल ती शेतातल्या गोठ्यावर नेते.

चहा झाला. आक्का आणि माझी बायको स्वयंपाकघरात पावटे सोलत बसल्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे कान आत होते. बायको म्हणाली, "वन्सं, तुम्हाला बक्षीस कशाला पायजे? कुकर तर तुमच्या घरात तीन हाईत."

आक्का हसली. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येते, मी जाते' म्हणत नाहीत, गड्यासारखं 'येतो, जातो' म्हणतात. आक्काही तशीच बोलते.

"कुकर कोण मागतंय गं. शाळंचा शेवटचा दीस हुता. सायकल पंक्चर न्हवती, काय न्हवती, पर तिच्यावर बसावं असं वाटंना. वेशीपासनं घरापतोर हातात धरून चालत आलतो. कट्ट्यावर बायका बसल्या हुत्या. एक म्हटली, 'उतरली बाई पोरगी.' त्यातल्या निम्म्या अजून हाईत. उद्या त्याच रस्त्यानं जाणार, आन् पाय खाली टेकणार न्हाय. मग जित्तो काय, हारतो काय."

मी पेपर खाली ठेवला. डोळ्यांत काही गेलं होतं, असं मी बायकोला नंतर सांगितलं.

आणि त्याच घटकेला मला बुद्धी झाली. माणसाला उपकाराची आठवण होणं चांगलं, पण त्या वेळी त्याच्या हाताशी पाना नसावा.

संध्याकाळी दोघी मिळून बाजाराला गेल्या. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन आक्काची सायकल चार पावलं ढकलून बघितली. मागून आवाज आला: खस्स. मग जरा गप्प. मग पुन्हा खस्स. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, नेमानं. माझा जीव कळवळला. त्रेसष्ट वर्षांची माझी बहीण, आणि घासणाऱ्या ब्रेकवर शर्यतीत उतरणार! एके काळी तिनं मला सायकल दिली होती, मी तिला निदान नीट झालेली सायकल देऊ नये?

आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होता. तो बैलहोंगलकडचा, मराठी कळतं पण महत्त्वाचं बोलायचं असलं की कन्नडात बोलतो. मी सायकल उलटी करून पाना काढला तसा तो म्हणाला, "इर्ली बिडरी, सर." राहू द्या हो, सोडा. त्या दिवसातला तो सगळ्यात शहाणा सल्ला होता, आणि तो मी घेतला नाही.

आधी मला संशय आला मडगार्डचा. त्याची तार वाकली होती, ती मी ओढून सरळ केली. खस्स तसंच राहिलं, शिवाय मडगार्ड टायरला लागून आता 'खर्र' असा नवा आवाज सुरू झाला. तार परत वाकवली.

मग मी वर जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली. जिथं घासतं तिथं तेल, हा नियम मी मुलांना शिकवलेला. ब्रेकच्या रबरावर आणि रिमवर मी चार थेंब सोडले. आवाज बंद! मी वॉचमनकडं असं बघितलं की मी कोण ते त्याला कळावं. मग सायकलवर बसून पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि गेटाजवळ येऊन ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. जिथं घासतं तिथं तेल, पण जे घासण्यासाठीच केलेलं आहे तिथं नाही, हे मला मी वॉचमनच्या खुर्चीत जाऊन थांबलो तेव्हा आठवलं. नशीब तो उठून उभा होता. पळायच्या तयारीत.

रिम आणि रबरं साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली. आवाज परत आला. पण आता मी चिडलो होतो, आणि चिडल्यावर माझ्यातला मास्तर जागा होतो. मी खाली बसून विचार केला. सारखं घासत असतं तर ब्रेकचे दोन्ही हात एका बाजूला सरकलेत असं समजायचं. फेऱ्यातून एकदाच घासतं, म्हणजे दोष ब्रेकचा नाही, चाकाचा. सायकलवाले त्याला 'आऊट' म्हणतात. फिरताना रिम एका जागी बाजूला झुकते आणि तेवढ्यापुरती रबराला लागते.

मग मी शाळेतून आणलेल्या, निवृत्तीची आठवण म्हणून जपलेल्या खडूंच्या डब्यातला एक खडू आणला. चौकटीला टेकवून तो रिमच्या अगदी जवळ धरला आणि चाक फिरवलं. जिथं रिम झुकली होती तिथं खडूची पांढरी रेघ उठली. बाकी रिम कोरी. एवढी सुंदर आकृती मी फळ्यावरसुद्धा कधी काढली नव्हती. चाकातल्या त्या जागेच्या एका बाजूच्या तारा पाव फेरा सैल केल्या, समोरच्या पाव फेरा आवळल्या. परत खडू. परत पाव फेरा. दिवे लागायच्या वेळेला मी शेवटच्या खेपेला चाक फिरवलं आणि ते फिरतच राहिलं. खस्स नाही, खर्र नाही. तारा दिसेनाशा झाल्या. मी ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. सोडला, परत गरगर.

खरं सांगतो, मला माझा एवढा अभिमान बत्तीस वर्षांत वाटला नव्हता. वॉचमनला म्हटलं, "कसं?" तो म्हणाला, "छलो आतरी, सर." छान झालं. पण त्यानं खुर्ची मात्र आत ओढून घेतली.

आक्काला मी काही सांगितलं नाही. सकाळी चकित करायचं होतं.

सकाळी ती चकित झाली. नऊवारी नेसून, नाकात नथ, पायात साध्या चपला, अशी ती खाली आली आणि तिनं सायकल स्टँडवरून काढली. पाच पावलं चालली. थांबली. परत पाच पावलं. मग माझ्याकडं वळली.

"आवाज कुठाय?"

"काढला," मी म्हणालो. हे सांगताना मी दोन्ही हात मागं बांधले होते, सत्काराला उभा राहिल्यासारखे.

"काढला म्हंजे?"

"चाकात आऊट होता. सरळ केला. आता बघ कशी पळतिया."

"पळतिया," आक्का म्हणाली. "पळतिया व्हय. अरं शाण्या, पळवाय चाललोय का मी?"

मी हात सोडले.

"त्यो घासत न्हवता. मी घासवत हुतो. म्हैनाभर खळ्यावर सकाळ-सांज फिरवून बसवलाता. पायात जोर लावला तरी सायकल म्होरं जात न्हवती, आन् पायात जोर असला म्हंजे तोल ऱ्हातोय. दर फेऱ्याला खस्स झालं की मला कळायचं, आता कुठं आलंय चाक. त्याच्या तालावर हँडल फिरवायचं. आता काय तुझ्या तालावर फिरवू?"

एवढं साधं, एवढं पक्कं विज्ञान मी बत्तीस वर्षांत एका मुलाला शिकवलं नव्हतं. घर्षणाचे फायदे, चार गुण. हा फायदा माझ्या उत्तरपत्रिकेत नव्हताच. मागं बायको उभी होती. ती देवघरातली वाटी आठवत असणार.

"मी परत घासवतो," मी म्हणालो.

इथून पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यातून काढून टाकायला तयार आहे. घासणारा ब्रेक सोडवायचा कसा हे मला आता तोंडपाठ होतं, पण सुटलेला ब्रेक घासवायचा कसा? वायर आवळायचा स्क्रू मी अर्धा फेरा फिरवला. काही नाही. आणखी अर्धा. काही नाही. आणखी पाव फिरवला आणि चाक गच्च बसलं, म्हणून परत सोडला. रिम इतकी सरळ झाली होती, की ब्रेक लागला तर सगळीकडून सारखा लागायचा, नाही तर कुठंच लागायचा नाही. मधला मार्ग मीच बंद केला होता. मी तारा उलट्या फिरवायला गेलो तशी आक्का ओरडली, "हात लावू नगंस!" आणि त्या आवाजात आमची आई होती.

वडगावच्या वाटेवर एक सायकलवाला आहे. माझा जुना विद्यार्थी. विज्ञानात त्याला मी दोनदा नापास केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो दुकान उघडत होता.

"या सर. काय झालं?"

"हा मागचा ब्रेक घासवून पायजे."

"घासतोय, सोडवा म्हणून येत्यात सर. घासवा म्हणून आजवर कोण आलं न्हाय."

आक्कानं त्याला दोन वाक्यांत सगळं समजावलं. त्याला लगेच कळलं. त्यानं चाक फिरवलं, डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये चाक कुणी काढलंय? लई सरळ काढलंय."

"मी," मी म्हणालो. राहवलं नाही.

आक्कानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी इथं लिहीत नाही.

"मग अवघड हाय," तो म्हणाला. "घण मारून वाकडं करू शकतो, पण कुठं वाकंल त्ये माझ्या हातात न्हाय. जुना आऊट परत येत न्हाय सर. ज्या त्या सायकलीचा ज्येचा त्येचा असतोय. ह्यास्नी सवय जुन्याची, नवा काय उपेगाचा?"

हे उत्तर त्यानं परीक्षेत लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

आक्का दुकानाच्या फळीवर बसली. चपलेनं जमिनीवर एक रेघ ओढत राहिली. तिला रडू येतंय की काय असं वाटून मी जवळ गेलो, तर ती पुटपुटत होती, "पुढचा ब्रेक जरा धरायचा, जरा सोडायचा... जरा धरायचा, जरा सोडायचा..." मग उठली. "चल. हाय तशी न्हेऊ. हितनं गाव किती हाय?"

"चार-पाच किलोमीटर."

"बास हाय. तेवढ्यात शिकतो."

आणि ती निघाली. मी स्कूटरवर मागं, बायको माझ्या मागं. त्या रस्त्यानं आक्का जी गेली, ती शर्यतीच्या वेगानं गेली. म्हणजे किडामुंगीच्या. पुढचा ब्रेक दोन बोटांनी धरायची, सोडायची, पॅडल मारायची, धरायची. हँडल डावीकडं, उजवीकडं. सुरुवातीला ती डगमगायची, एकदा पार गटाराच्या काठाला गेली आणि बायकोनं माझा खांदा असा दाबला की अजून दुखतो. पण पाय टेकला नाही. मागून येणारे ट्रॅक्टर हॉर्न मारत होते. एक जण ओरडला, "अहो मावशी, ढकलू का?" आक्का मान न वळवता म्हणाली, "तुझ्या ट्रॅक्टरला ढकल!" एवढ्या सावकाश स्कूटर चालवणं मला जमेना. मी सारखा पाय टेकत होतो. किती वेळा ते मी मोजलं नाही. आक्कानं मोजलं होतं. चौदा.

वेस आली. फलकाखाली हळदी-कुंकवाचं ताट घेऊन गावच्या बायका उभ्या. येणारी प्रत्येक लेक गाडीतून उतरायची, वाकायची, कुंकू लावून घ्यायची, आत जायची. आक्का दिसली तशा त्या म्हणाल्या, "उतर गं, उतर, कुंकू लावून घे."

"उतरत न्हाय," आक्का म्हणाली. "लाव हितंच."

ती तेवढ्याच सावकाश पुढं निघाली. ताट घेतलेली बाई पंचाहत्तरीची असेल, ती तिच्या कडेनं चालायला लागली. चालता चालता तिनं बोट कुंकवात बुडवलं, आक्कानं मान जराशी तिरकी केली, आणि त्या सरकत्या सायकलीवर बाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. नीट, मधोमध. एक कणही पदरावर पडला नाही. कट्ट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली कोण त्या दिवशी तिथं होती, कोण नव्हती, मला ठाऊक नाही. आक्काला ठाऊक होतं. ती कुणाकडं बघत नव्हती, पण तिची पाठ अशी ताठ झाली होती की स्कूटरवर बसल्या बसल्या माझीही झाली.

मला वाटलं, आता झालं. तिला जे करायचं होतं ते झालं. शर्यतीत काय होईल ते होवो, घोटाळा माझ्या माथ्यावरून उतरला. शर्यत मला अजून कळली नव्हती.

शाळेच्या मैदानावर सात पट्टे आखले होते. सात लेकी. आक्कानंतरची सगळ्यात मोठी बाई पंचेचाळीसची. एक टिळकवाडीत आमच्याच भागात राहणारी, कॉलेजात शिकवणारी, जाड टायरची गिअरवाली सायकल घेऊन आलेली. तिचं चाक मी दोनदा वाकून बघितलं. तसं चाक डुलतच नाही.

शिट्टी झाली. पहिल्या दहा-बारा हातांतच तिघींचे पाय टेकले. चौथी पट्ट्याबाहेर गेली आणि "फक्की नीट मारली न्हाय" म्हणून पंचांशी भांडायला लागली. पाचवी एवढी घाबरली की तिनं ब्रेक सोडले आणि सरळ पलीकडं पोचली. त्यामुळं ती सगळ्यांच्या आधी पोचली, म्हणून हरली. उरल्या दोघी.

मैदान ओरडत होतं, "हळू! हळू! आक्का, हळू!" एवढे लोक एखाद्याला सावकाश जा म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडतायत, हे दृश्य फक्त आमच्याकडं बघायला मिळेल. मीही ओरडत होतो. आणि रंग चढल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? "चल! चल! मार पॅडल!" बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

आक्काचं पुढचं चाक जवळजवळ आडवं झालं होतं. दोन बोटं ब्रेकवर होती. धरला, सोडला, धरला. वडगावपासून इथपर्यंतच्या रस्त्यात तिनं त्या गप्प, सरळ, माझ्या चाकाची भाषा शिकून घेतली होती. एकदा ती कलली. एवढी कलली की नऊवारीचा काठ फक्कीला लागला. ती तशीच, श्वास कोंडून, एक, दोन, तीन म्हणावं तेवढा वेळ राहिली आणि परत उभी आली. शेजारच्या पट्ट्यात गिअरवालीनं ते बघितलं. बघायला नको होतं. तिचं हँडल वळलं आणि तिचा पाय टेकला.

आता आक्का एकटीच पट्ट्यात. पण रेघ अजून सहा हात लांब, आणि रेघ ओलांडेपर्यंत पाय टेकून चालणार नव्हतं. ओरडणं थांबलं होतं. ते सहा हात ती किती वेळ चालवत होती मला सांगता येणार नाही. मी एवढंच बघत होतो, की चपलांचे तळवे पॅडलवर आहेत. चाक रेघेवर आलं, रेघेपलीकडं गेलं, आणि तरी ती उतरली नाही. तशीच मैदानाला एक पुरा फेरा मारून आली. पोरी तिच्यामागं टाळ्या वाजवत पळत होत्या.

मी रडत होतो हे मी नाकारत नाही. शेजारच्या अनोळखी माणसाला मी म्हणालो, "माझी बहीण." तो म्हणाला, "व्हय व्हय." मी परत म्हणालो, "माझी सख्खी बहीण." मग मला वाटलं, हे चाक मी सरळ केलंय हेही त्याला सांगावं. थोडक्यात वाचलो.

व्यासपीठावर तिला बोलावलं. साडी दिली, कुकर दिला. चौथा. निवेदन करणारे गावचेच एक शिक्षक, त्यांनी माइक तिच्यापुढं धरला आणि खास माइकवरच्या मराठीत विचारलं, "आक्का, या वयात हे घवघवीत यश! आपल्या या यशामागं कुणाचा हात आहे, ते गावाला सांगा."

आक्कानं पदर सारखा केला. गर्दीत नजर फिरवली. मी दिसलो तशी थांबली. मी शर्टाची कॉलर नीट केली, बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

"हाताचं इचारता व्हय?" आक्का म्हणाली, आणि बोट माझ्याकडं केलं. "त्यो बघा, त्यो माझा भाऊ. मास्तर हाय, इज्ञानाचा. काल सांजंला त्यानं माझी सायकल दुरुस्त केली. तरी बी जितलो."